आमचं फळ्यांचं घर मी घासलं

जोगेश्वरीची लेणी म्हणजे वारसा, एवढं मलाही कळतं. दगडात कोरलेली, आत अंधार, अंधारात देवी. तिथे आपण चपला काढून आत जातो. पण आमचं अंधेरीचं घर वारसा आहे, असं एका बाईने माझ्याच ओट्यावर उभं राहून मला सांगितलं, तेव्हा मी वळून मागे बघितलं. म्हटलं, माझ्या मागे दुसरं कुठलं घर आहे की काय. मागे टॉवरचं पार्किंग होतं.

"हे घर, काका," ती म्हणाली आणि हाताने भिंतीला थोपटलं.

मी हबकलोच. ह्या घराला आजपर्यंत लोकांनी काय काय म्हटलंय. खोकं म्हटलंय, खुराडं म्हटलंय. माझ्या बोरिवलीच्या बहिणीचा नवरा आगपेटी म्हणतो, आणि आत शिरताना मुद्दाम बिडी विझवतो. मी स्वतः तर त्याच्याही पुढचं बोललोय. वारसा असं कोणी म्हटलं नव्हतं.

घर कसं आहे ते सांगतो. अंधेरी पूर्वेला आम्ही राहतो तिथे एके काळी लाकडाची वखार होती. मोठमोठे ओंडके यायचे, ते करवतीने कापायचे. मालकाने कामगारांसाठी एका रांगेत बारा घरं बांधली. आता वखारीचा मालक विटा-सिमेंट कशाला आणेल? हाताशी लाकूड होतं, लाकडाची बांधली. भिंती नुसत्या फळ्यांच्या. आडव्या फळ्या, प्रत्येक वरची फळी खालच्या फळीवर बोटभर चढवलेली, कौलं चढवतात तशी. म्हणजे पावसाचं पाणी फळीवरून घसरून खाली जातं, आत येत नाही. वर कौलं, दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी. माझा बाप कोकणातून आला तो त्या वखारीत करवत ओढायला लागला आणि त्याला त्यातलं एक घर मिळालं. पुढे वखार बंद पडली, मालक गेला, बाप गेला. मग एकेक करून अकरा घरं पाडली. उरलं आमचं. आणि त्यात उरलो मी, चौथी नापास, तीही दोन वेळा.

धंद्याने मी रंगारी. लोकांच्या भिंती रंगवतो. आमच्या घराला दर गणपतीला रंग लागायचा, पण विकत आणलेला नाही हां. गिऱ्हाइकांकडे डब्याच्या तळाला जो उरेल तो. त्यामुळे एका वर्षी आमचं घर गुलाबी, एका वर्षी दवाखान्यासारखं हिरवं, आणि एका वर्षी पार्ल्याच्या एका काकूंच्या बाथरूमचा आकाशी. त्या वर्षी आरतीला आलेला प्रत्येक माणूस विचारायचा, नळ कुठे आहे.

आता मूळ भानगड. जमीन बिल्डरने घेतली होती आणि त्याचा माणूस आमच्याकडे यायचा. चांगला गोड बोलायचा. म्हणायचा, पावसाळा संपला की हे पाडायचंय, तोपर्यंत तुम्ही खाडीपलीकडे सातव्या मजल्यावर खोली घ्या, इथे बिल्डिंग झाली की परत या. त्या अकरा घरांतली माणसं अशीच गेली होती. अजून पलीकडेच आहेत.

मी तयार होतो, खोटं कशाला बोलू. बहिणीला फोन करून सांगूनही टाकलं होतं की आमच्याकडे पण आता लिफ्ट. पण बायको ऐकेना. ती पार्ल्यात तीन घरी स्वयंपाक करते. सकाळी चालत जाते, दुपारी चालत येते. वीस वर्षं त्या तीन घरांतली पोरं तिच्या हातची पोळी खाऊन मोठी झाली. खाडीपलीकडून ती पोळ्या लाटायला कशी येणार? घर गेलं की तिचं काम गेलं, आणि काम गेलं की ती माझ्यासमोर दिवसभर घरात. हे दुसरं माझ्या लक्षात आलं तेव्हा मीही जरा विचार करायला लागलो.

त्या तीन घरांपैकी एका घरची मुलगी जुनी घरं जपायचं काम करते. शिकलीय त्यातलं. बायकोने तिच्याकडे रडगाणं गायलं आणि ती एका रविवारी आमच्याकडे आली. ओट्यावर उभी राहून वारसा म्हणाली ती हीच. वय असेल तिशीचं. मी तिला मॅडम म्हणतो, ती मला काका म्हणते.

मॅडमने आमच्या भिंतीवर असा हात फिरवला की जणू डॉक्टर पोट तपासतोय. मग पर्समधून एक बारीक पातं काढलं, "काका, थोडंसं खरवडू का?" म्हणाली आणि रुपयाएवढा गोल खरवडला. आत रंगाचे थर. हिरवा, गुलाबी, आकाशी, पिवळा, परत हिरवा. मी एकेकाकडे बोट दाखवून सांगायला लागलो, हा मरोळच्या शाळेचा, हा चकाल्याच्या डॉक्टरचा, हा तुमच्याच शेजारच्या काकूंचा. ती भराभर लिहून घेत होती! मला वाटलं चेष्टा करतेय. माझं बोलणं कोणी लिहून घेतंय, हे माझ्या बाबतीत एकदाच झालंय, पोलीस स्टेशनात, आणि तेव्हाही हवालदार मधेच कंटाळला होता.

सगळ्यात आत काळपट तेलकट थर निघाला. मॅडम म्हणाली, हा रंग नाही, काजूच्या टरफलाचं तेल आहे. कोकणात होड्यांना लावतात तेच. तुमच्या वडिलांच्या वेळच्या लोकांनी गावाहून आणून घराला लावलं म्हणून वाळवी शिवली नाही. फळ्यांना खिळे नाहीत, लाकडाच्या खुंट्या आहेत. मी तिथे जन्मलो, तिथेच टक्कल पडलं, आणि खिळे नाहीत हे मला एका रविवारी बाहेरची मुलगी सांगते.

"काका, मोठ्या लोकांचे बंगले सगळ्यांनी जपले," ती म्हणाली. "ज्यांनी ही उपनगरं उभी केली ते कामगार कुठे झोपायचे, हे दाखवायला काय राहिलंय? तुमच्या ह्या दोन खोल्या."

"मॅडम, झोपायचो कुठे? ढेकूण मारत बसायचो."

तेही तिने लिहून घेतलं.

मग तिने समजावून सांगितलं. एक समिती आहे, चार माणसांची. ती माणसं पुढच्या गुरुवारी येऊन घर बघतील. त्यांना पटलं तर घर यादीत जाईल, आणि एकदा यादीत गेलं की बिल्डरला ते पाडता येणार नाही. नाही पटलं तर पावसाळ्यानंतर हातोडा. मॅडमने बायकोचा हात धरून सांगितलं, मी माझ्याकडून सगळं करीन. आणि निघताना माझ्याकडे वळून म्हणाली, "काही करू नका हं काका. आहे तसंच राहू दे. हातसुद्धा लावू नका."

इथे मला जरा थांबून आमच्या लोकांची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही मला वेडा समजाल. समजा, पण कारण कळू दे.

आमच्यात येणारा पाहुणा आधी म्हणतोच, काही करू नका हं. आणि तो तसं म्हणाला की आमची आई ताबडतोब नारळ फोडायला घ्यायची. करू नका म्हणणाऱ्याला शिरा नाही मिळाला तर तो सात वर्षं लक्षात ठेवतो. मी हे अनुभवाने शिकलोय. बहिणीला बघायला एक मंडळी येणार होती. त्यांनी निरोप दिला, आम्ही सहज येतोय, काही करू नका. आई नेमकी बाहेर गेलेली आणि मी घरात एकटा. मी खरंच काही केलं नाही. पाच माणसांना पाणी दिलं आणि पंखा लावला. ती मंडळी गेली ती गेलीच. आईने मला लाटण्याने मारलं, आणि बहीण त्यानंतर तीन वर्षं घरात होती, ती तीन वर्षं रोज एकदा मला ते ऐकवायची. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं. करू नका म्हटलं की करायचं. हातसुद्धा लावू नका म्हटलं की दोन्ही हातांनी करायचं.

आणि इथे तर चार पाहुणे, तेही आमचं घर राहणार की जाणार ते ठरवणारे. आणि मी कोण? रंगारी! देवाने आयुष्यात एकदा परीक्षा घेतली आणि तीही माझ्याच विषयाची.

बायको भाचीच्या बारशाला गावाला गेली होती, बुधवारी रात्रीच्या गाडीत बसून गुरुवारी सकाळी येणार होती. जाताना ती पण बजावून गेली. ती मालवणकडची, चिडली किंवा घाईत असली की मालवणीवर येते. "बायन काय सांगल्यान ता ध्यानात हा मां? कशाक हात लावू नका." मी म्हटलं, ध्यानात हा. होतंच की ध्यानात.

माझ्या जोडीदाराला बोलावलं. आम्ही दोघं पंचवीस वर्षं एकत्र रंग मारतो. तो घासायची मशीन घेऊन आला. घर बघून म्हणाला, "यार, किती थर आहेत रे! तू कधी घासलंच नाहीस?"

"लोकांची घासून उरलो तर ना."

"मग आता कशाला?"

"पाहुणे येणारेत. सरकारी."

"मग झकास करू," तो म्हणाला. माझ्यापेक्षा तो हुशार आहे असं मला वाटायचं. तेवढं एक बरं झालं, आता वाटत नाही.

सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन दिवस आम्ही त्या घरावर जे काम केलं तसं मी आयुष्यात कोणाच्या घरी केलेलं नाही. पुढची भिंत मशीनने लाकडापर्यंत घासली. हिरवा, गुलाबी, आकाशी, सगळ्याची धूळ झाली, आमच्या नाकातून दोन दिवस इंद्रधनुष्य निघत होतं. मग फळीवर फळी चढलेली जी पायरी पायरी दिसायची ना, ती मला पहिल्यापासून खटकायची. तिच्यात लांबी भरली. लांबी म्हणजे रंगाआधी भिंतीचे खड्डे बुजवायला जो लगदा भरतात तो. लांबीचे तीन थर चढवून भिंत अशी सपाट केली, अशी सपाट की लाकडाचं घर आहे हे कोणाच्या बापाला कळू नये. आतही तसंच. मग प्रायमर, आणि वर हस्तिदंती रंग. उरलेला नाही, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरासाठी सीलबंद डबा आणला. डब्याचं झाकण उघडताना मी जोडीदाराला दोन मिनिटं थांबायला सांगितलं. उगाच. बघायला.

मंगळवारी दाराची चौकट घासताना जोडीदाराने मशीन बंद केली. "हे काय आहे रे? मासा?"

चौकटीवर डाव्या बाजूला, छातीच्या उंचीवर काहीतरी कोरलेलं होतं. रंगाखाली दबलेलं. मी लहानपणापासून बघत आलो होतो, म्हणजे बघत नव्हतोच.

"असेल कोणाची तरी मस्ती," मी म्हटलं. "घास."

तीन मिनिटं लागली असतील.

गुरुवारी सकाळी बायको गल्लीच्या तोंडाशी उतरली, आमच्या दारापर्यंत आली, आणि दारावरून पुढे निघून गेली. मी ओट्यावरून हाक मारली. ती वळली. घराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत घराकडे बघितलं. मी दाराला झेंडूचं तोरण लावलं होतं, पुढे रांगोळी काढली होती. मला वाटलं आनंदाने बोलती बंद झालीय.

तिने पिशवी खाली ठेवली आणि रांगोळीच्या मधोमध बसली.

"तुमका सांगलेलंय ना मी," एवढंच म्हणाली. शिव्या नाहीत, काही नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी तिला इतक्या हळू आवाजात बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

अकरा वाजता समिती आली. पुढे मॅडम, मागे तीन जण, आणि सगळ्यात मागे काठी घेतलेले एक वयस्कर साहेब, तेच मुख्य. मॅडम गल्लीतून त्यांना उत्साहाने काहीतरी सांगत येत होती. आमच्यासमोर आली आणि वाक्य अर्ध्यात थांबलं.

"कसं झालंय?" मी विचारलं.

साहेबांनी इकडे तिकडे बघितलं, डावीकडे टॉवर, उजवीकडे टॉवर, आणि मॅडमना विचारलं, "घर कुठे आहे?"

घरासमोर उभं राहून.

"हेच," मी म्हटलं. "हेच आहे साहेब. या ना."

मग मॅडमने फोन काढला आणि माझ्याजवळ आली. फोनवर फोटो होता, आमच्या चौकटीचा, तिने रविवारी काढलेला. "काका, ही खूण कुठे गेली?"

"ती होय? घासली ना. आता बघा, एकदम गुळगुळीत."

तिने डोळे मिटले. मग हळूहळू सांगायला लागली, लहान पोराला सांगतात तसं. वखारीच्या मालकाच्या घरच्या लोकांकडे तिला त्या बारा घरांचा जुना नकाशा मिळाला होता, कालच. त्यात प्रत्येक घरावर एक चित्र काढलेलं. कोयता, होडी, बैलाचं शिंग, असं. कामगारांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून घर ज्याला दिलं त्याने सगळ्यांच्या समोर आपल्या दाराच्या चौकटीवर स्वतःच्या हाताने आपली खूण कोरायची. तीच त्याची सही, तोच कागद. बारा चौकटींपैकी अकरा भुगा झाल्या. एकच राहिली होती, जी त्या नकाशाशी जुळवून दाखवता आली असती.

"शेवटचं घर, मासा," ती म्हणाली. "ते तुमचे वडील, काका."

मी चौकटीकडे बघितलं. अंगठा फिरवला. लोण्यासारखी झाली होती. आमच्या धंद्यात ह्याला चांगलं काम म्हणतात.

मला सही येते. चौथी नापास असलो तरी सही येते, वळणदार, खाली रेघ ओढून. बापाला यायची नाही. रेशनच्या दुकानात तो अंगठा लावायचा, मग निळा अंगठा लेंग्याला पुसायचा, आणि मी हसायचो. तो मेल्यावरही चार लोकांत सांगून हसवायचो. त्याची सही माझ्याच दारावर होती. मी रोज तिला खांदा घासून आत-बाहेर करत होतो. आणि मग मशीन लावली.

मला विनोद सुचेना. हे माझ्या बाबतीत कधी होत नाही. मयतीतही होत नाही.

साहेब काठी टेकत वळले. "वाईट वाटतं," ते मॅडमना म्हणाले, "पण इथे आता नोंद करण्यासारखं काही राहिलेलं नाही." म्हणजे संपलं. म्हणजे पावसाळा, आणि मग हातोडा, खाडीपलीकडची खोली, आणि बायकोची तीन घरं. ते सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं आणि मी ओट्यावर जिथे होतो तिथेच उभा राहिलो, खांबासारखा.

बायको रांगोळीतून उठली. साडीला मागे पांढरं-लाल लागलेलं. "साहेब, चहा घेऊन जावा."

"नको नको, काही करू नका," साहेब म्हणाले.

झालं! ती सरळ आत गेली आणि आधण ठेवलं. करू नका म्हटल्यावर ती दुसरं काय करणार? आणि चहा ठेवलाय म्हटल्यावर ते तरी कसे जाणार? चौघंही नाइलाजाने आत येऊन बसले, दोघं खुर्च्यांवर, दोघं पलंगावर. साहेबांनी आतल्या भिंती बघितल्या. हस्तिदंती, सपाट. मान हलवली.

चहा देता देता बायको म्हणाली, "साहेब, ते कपाट बाजूला करून बघा."

"कशाला?"

"हे कपाटामागे रंगवत नाहीत."

मी म्हटलं, "अगं गप."

"गप कशाला? कुणाच्याच घरी रंगवत नाहीत. कपाटापर्यंत ब्रश नेतात आणि पलीकडून परत सुरू करतात. गिऱ्हाईक काय कपाट हलवून बघतंय?"

मॅडमने माझ्याकडे बघितलं. "काका, आमचं घर रंगवलंत तेव्हा पण?"

"फक्त मोठ्या कपाटामागे," मी म्हटलं. "लहान हलवतो."

तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. हसू असेल किंवा राग असेल. मी विचारलं नाही. मी आणि समितीतले दोघं असे तिघांनी मिळून कपाट ओढलं. लोखंडी कपाट, लग्नातलं, लग्नापासून त्याच जागी. मागे जाळी, एक कंगवा, आणि भिंत.

काळी भिंत. काजूच्या तेलाची. वर रंगाचा ठिपकाही नाही, लांबी नाही. फळीवर फळी, आणि फळ्यांच्या टोकांना छिन्नीने कोरलेले आकडे, मराठी, एक, दोन, तीन, चार, खालून वर. मॅडम म्हणाली, फळ्या वखारीत कापून, आकडे टाकून, इथे आणून जोडल्या होत्या. खुंट्या दिसत होत्या, एकेक हाताने तासलेली. साहेबांनी कप खाली ठेवला, उठले, भिंतीवर तळहात ठेवला आणि तसेच उभे राहिले. बराच वेळ.

माझी आयुष्यभराची लबाडी तेवढी त्या भिंतीवर उपयोगी पडली. प्रामाणिक रंगारी असतो तर तिथेही लांबी भरली असती.

"तीन महिने," साहेब म्हणाले. "बाहेर आणि आत जे काही भरलंय ते काढा. मशीन नाही, रंग जाळून नाही, हाताने. ह्या मुलीला विचारून. मी परत येऊन बघेन, मग ठरवू."

तर मग तीन महिने मी काढत बसलो. आयुष्यभर रंग चढवला, आता उतरवत होतो. कोमट पाण्याचा कपडा भिंतीवर दाबून धरायचा, लांबी मऊ पडली की बांबूच्या पट्टीने फळीच्या खाचेतून अलगद काढायची. दिवसाला हातभर भिंत व्हायची. बिल्डरचा माणूस एकदा आला, बघत उभा राहिला, म्हणाला, "काका, आम्ही पाडायच्या आधी तुम्हीच पाडताय?" मी म्हटलं, "तुमचे कष्ट वाचवतोय." बायको कामावरून यायची, ओट्यावर बसायची आणि मी किती काढलं ते बघायची. बोलायची नाही. मग एक दिवस उन्हं कलली होती तेव्हा खाचांमध्ये सावल्या दिसायला लागल्या, फळीखाली फळीची सावली, आणि ती म्हणाली, "आता आपल्या घरासारखं दिसतंय." तीन महिन्यांतलं पहिलं कौतुक. मी दुसऱ्या दिवशी डबल काढली.

चौकटीचं मात्र काही होण्यासारखं नव्हतं. लांबी काढता येते, घासलेलं लाकूड परत आणता येत नाही.

जोडीदार म्हणाला, "यार, तू कोर ना परत. मासाच तर आहे. साहेबांना काय कळणार?"

मलाही पटलं. सवयच तशी. छिन्नी आणली, चौकटीसमोर उभा राहिलो, आणि हात तसाच राहिला. माशाचं तोंड कुठल्या बाजूला होतं? डावीकडे की उजवीकडे? शेपूट वर होती का? डोळा होता का? पन्नासाच्या वर वर्षं मी त्या दारातून आत-बाहेर केलं, आणि मला माझ्या बापाच्या माशाचं तोंड सांगता येईना. बायकोला विचारलं. तिलाही आठवेना. जोडीदाराने तर मशीन फिरवताना नीट बघितला होता, त्यालाही नाही. मॅडमच्या फोनमध्ये फोटो होता, मागितला असता तर दिला असता. पण मी मागितला नाही. मला लाज वाटली. आयुष्यात फार कमी वेळा वाटलीय, म्हणून ओळखायला वेळ लागला.

छिन्नी परत ठेवून दिली.

तीन महिन्यांनी साहेब आले. चौकटीसमोर थांबले, मग भिंतीच्या खाचांतून बोट फिरवत घराला वळसा घालून आले. त्यानंतर बरेच दिवस काही नाही. मग एका सकाळी मॅडम धावत आली, हातात कागद. घर यादीत गेलं होतं. सगळ्यात खालच्या वर्गात, पण यादीत. पाडता येणार नाही. बायकोने पदर डोळ्याला लावला, लगेच काढला, आणि म्हणाली, "मी जाते, आज त्यांच्याकडे डोसे आहेत." आणि चपला घालायला लागली.

मॅडम म्हणाली, घराची एक फाईल कायमची राहणार आहे, त्यात मी सगळं लिहिलंय, तुम्हाला वाचून दाखवते. आणि ओट्यावर बसून वाचायला लागली. फळ्या, खुंट्या, तेल, आकडे. ढेकूणही होते त्यात, खरंच. मग ती अडखळली.

"काका, चौकटीच्या खुणेचं मी असं लिहिलंय की काळाच्या ओघात झिजली. चालेल ना?"

"झिजली कुठे?" मी म्हटलं. "मी घासली. मशीनने. तीन मिनिटांत."

"ते लिहायलाच पाहिजे असं नाही."

"लिहा. राहणाऱ्याने स्वतः घासली, असं लिहा. नाहीतर उद्या कोणीतरी बिचाऱ्या पावसाला नावं ठेवेल."

तिने पेन काढलं, खोडलं, लिहिलं. आणि मला दाखवलं, जणू मी वाचून तपासणार होतो. मी वाचल्यासारखं केलं. मग धीर करून विचारलं, "मॅडम, त्यात माशाचं तोंड कुठे होतं ते लिहिलंय का?"

"लिहिलंय ना. आत." तिने हाताने दाराकडे दाखवलं. "दाराच्या दिशेने. घरात शिरताना."

मी चौकटीकडे बघत बसलो. बायको चपला घालून गल्लीत उतरली होती, ती तिथूनच वळली.

"ऐकलात?" ती म्हणाली. "तुमचो बापूस आत येय होतो. आणि तुम्ही भायर निघाललात."